पाचव्या चाकाची गोष्ट

श्रोतेहो, बैलगाडीत ओझे फार मागे गेले की गाडी उलाळ होते. फार पुढे आले की जू बैलांच्या मानेवर दाबते. हे आपणांस ठाऊकच आहे. अमेरिकेतल्या मोटारवाल्यांनाही हाच धडा गिरवावा लागला.

तिकडच्या चारचाकी घोडागाड्यांत पुढच्या आसावर एक आडवे चाक असे. त्याच्या आधाराने आस फिरे नि गाडी वळे. तेच पाचवे चाक. १९१४ साली डेट्रॉइटचे लोहार ऑगस्ट फ्रूहॉफ यांनी एका गिऱ्हाइकाची होडी नेण्यासाठी फोर्ड मोटारीला जोडगाडा बांधून दिला. पुढे १९३० च्या सुमारास विमानकर्ते ग्लेन कर्टिस यांनी मोटारीच्या मागच्या आसावर टेकणारे फिरते घर काढले. आज अशी मोठी घरे पिकअप ट्रकच्या हौद्यात टेकवून ओढतात.

आता असा ट्रक निवडायचा कसा? लोक विचारतात, ‘ओढील किती?’ पण आधी विचारावे, ‘पेलील किती?’ घराच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा ट्रकच्या पाठीवर येतो. घर ५,००० किलोचे, तर पाठीवर १,००० किलो. शिवाय माणसे नि सामान. तिकडे ट्रकच्या दाराशी त्याची भारक्षमता लिहिलेली असते. ती न वाचता नुसते दांडगे इंजिन पाहून ट्रक घेतला, तर टायर फुटायचे, उतारावर ब्रेक दगा द्यायचे आणि बायकामुलांसह सारे संकटात यायचे.

गुरुजी, ८,००० किलोच्या घराचे गणित उद्या मुलांना जरूर घाला!