कर्जतच्या वाटा आणि वाढती वस्ती

ज्युबिलीनिमित्त निघणाऱ्या अंकांत माणसांचा व संस्थांचा इतिहास आवर्जून येतो. ती माणसे ज्या वाटांनी आली-गेली, त्या वाटांचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. म्हणून कर्जतच्या वाटांविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे. कर्जत म्हणताच परगावच्या वाचकांस बोरघाटाच्या पायथ्याचे, आगगाडीचे कर्जत आठवावे हे साहजिक आहे. परंतु ते रायगड जिल्ह्यातले. आमचे कर्जत अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिण भागी, सीना व भीमा यांच्या मधल्या कोरडवाहू मुलखात वसलेले असून त्यास आगगाडी लाभली नाही.

आगगाडी न लाभणे ही त्याच्या इतिहासातील मोठीच गोष्ट होय. मुंबईचा लोहमार्ग 1860 साली सोलापुरास पोहोचला, तो भिगवणावरून. पुढे 1876–77 च्या दुष्काळात भुकेल्या लोकांस काम मिळावे म्हणून दौंड–मनमाड मार्गाच्या मातीकामावर त्यांस लाविले व तो मार्ग 1878 साली खुला झाला. तोही श्रीगोंदे तालुक्यातून व नगरावरून गेला. दोन्ही मार्गांनी कर्जतास बगल दिली. याच दौंड–मनमाड मार्गावर बेलापूर स्टेशनाभोवती काय घडले हे पाहण्यासारखे आहे. 1926 साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, प्रवरेच्या कालव्यांचे पाणी खेळू लागले, ऊस व साखर आली, आणि स्टेशनाच्या आसऱ्याने श्रीरामपूर नावाचे शहर उभे राहिले. कर्जतास ना रूळ मिळाले ना पाट. कुकडीचे पाणी तालुक्यात येण्यास पुढे कित्येक दशके जावी लागली. तालुक्याची कचेरी, आठवड्याचा बाजार आणि संत गोदड महाराजांची आषाढ वद्य एकादशीची रथयात्रा एवढ्यावर हे गाव आपला आब राखून होते.

अशा जुन्या गावठाणाची रचना वरवर पाहणारास गोंधळाची वाटते. गल्ल्या वाकड्या, कोठे बैलगाडीही न वळेल अशा. पण एक बंद पडली तर दुसरीने चावडीपाशी, देवळापाशी अथवा विहिरीपाशी जाता येत असे. बोळ होते, नाही असे नाही, पण ते बहुधा एखाद्या भाऊबंदकीच्या वाड्यापुरतेच. रथासारखी मोठी वस्तू ज्या रस्त्याने वर्षास एकदा न्यावयाची, त्या रस्त्यावर ओटा पुढे काढण्यास घरमालकही कचरतो. नगररचनेच्या कायद्याहून हा धाक जुना आहे.

गावठाणाबाहेरच्या जमिनीस आकार आला तो इंग्रजी अमलातील मोजणीने. भीमेपलीकडील इंदापूर तालुक्यात 1835–36 च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट यांनी जी पाहणीची पद्धत सुरू केली, तीच पुढे दख्खनभर पसरली. शेतास नंबर पडले, बांध ठरले आणि गावनकाशावर दुहेरी तुटक रेघेने गाडीवाट व एकेरी तुटक रेघेने पायवाट दाखविण्यात येऊ लागली. या रेघा शेतकऱ्याच्या सोयीपुरत्या होत्या; त्यांवर शहर उभारावयाचे आहे असे मोजणीदाराच्या स्वप्नीही नसेल. परंतु आज कर्जतच्या बाहेरची वस्ती वाढते ती याच नंबरांच्या चौकटीत.

मोठे रस्ते सुधारले तसा गावाचा तोंडवळा फिरला. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रभर लोकांनी खडी फोडली, रस्त्यांवर माती टाकली. त्या हातांचे ऋण आजच्या डांबराखाली दडलेले आहे. शेवगाव तालुक्यातील अमरापूरहून मिरजगाव, कर्जत, राशीन करीत भिगवणास जाणारा रस्ता हा आता गावाचा कणाच झाला आहे. दुकाने, कॉलेज, दवाखाने, सर्वांचे तोंड त्याच्याकडे. राज्यातील तालुक्याच्या गावांस 2014–15 च्या सुमारास नगरपंचायती देण्यात आल्या, त्यांत कर्जतही आले.

आता मुख्य गोष्ट. रस्त्याकडेचा शेतकरी, मुलीच्या लग्नास म्हणा वा कर्जापायी म्हणा, आपला नंबर गुंठ्यागुंठ्याने विकतो. गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. मध्ये एक अरुंद वाट सोडतो. ती हमरस्त्यापासून निघते आणि त्याच्या बांधाशी थांबते. शेजारी पुढे आपली जमीन विकतो, तोही तसेच करितो. दोन्ही वाटांच्या टोकांमध्ये हातभर बांध. पण या घरातून त्या घरात जावयाचे तर हमरस्त्यावर येऊन वळसा घालावा लागतो. 1947 च्या तुकडेबंदी कायद्याने असे तुकडे पाडण्यास मनाई होती. लोकांनी ते साठेखतावर विकले, आणि मंजूर आराखडा नसल्याने एका वाटेस दुसरी जोडण्याची जबाबदारी कोणाचीच राहिली नाही.

हे दुखणे कर्जतचेच नव्हे. बॅरिंग्टन-ली व मिलार्ड-बॉल या अभ्यासकांनी जगभरच्या रस्त्यांचे नकाशे तपासून 2020 साली दाखविले की, 1975 पासून नव्या वस्त्यांतील रस्ते एकमेकांस कमी कमी जोडलेले होत आहेत. अमेरिकेत ही तुटकता 1994 च्या सुमारास कळसास पोहोचून पुढे कमी होऊ लागली. त्यांचे दुसरे म्हणणे आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते: घरे पडतात, नवी होतात, परंतु रस्त्याची आखणी एकदा झाली की ती सहसा बदलत नाही.

आमच्या अवर्षणी भागात याचा अर्थ उन्हाळ्यात कळतो. पाण्याचा टँकर बंद गल्लीत शिरला तर वळत नाही. म्हणून तो तोंडाशीच उभा राहतो आणि शेवटच्या घरची म्हातारी हंडा घेऊन तेथवर येते. आग विझविणारा बंब अथवा रुग्णवाहिका यांची गत निराळी नाही.

शेतीची वहिवाटीची वाट कोणी अडविली तर 1906 च्या मामलेदार कोर्ट कायद्यान्वये तहसीलदाराकडे दाद मागता येते. पण जी वाट कधी सोडलीच नाही, तिच्यासाठी हा उपाय चालत नाही. नगरपंचायतीस 1966 च्या नगररचना कायद्याखाली विकास योजना करून नवे रस्ते आखता येतात. मात्र आखलेल्या रेषेवर घर उभे राहण्यापूर्वी ती जागा ताब्यात आली पाहिजे. इकडे 2001 च्या गुंठेवारी कायद्याने अशी बांधकामे दंड भरून नियमित करून घेण्याची सोय झाली, आणि 2021 साली ती मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढविण्यात आली. गरिबाचे छप्पर वाचले, हे योग्यच झाले. त्याबरोबर घरापुढची बंद गल्लीही कायम झाली.