गणेशखिंड, सागरमाळ, केगाव

वैराग-बार्शी भागातल्या एखाद्या जुन्या शिकलेल्या घरातली लोखंडी पेटी उघडली, तर तीन पिढ्यांची पदवीपत्रे एकाखाली एक ठेवलेली सापडतील. आजोबांच्या पत्रावर पुणे विद्यापीठाची मुद्रा, वडिलांच्या पत्रावर शिवाजी विद्यापीठाची आणि नातीच्या पत्रावर सोलापूर विद्यापीठाची. घर त्याच गावात राहिले, विद्यापीठ मात्र टप्प्याटप्प्याने जवळ येत गेले. म्हणून सोलापूर विद्यापीठाची वाटचाल त्याच्या केगावच्या परिसराच्या फाटकापासून सांगायला घेतली, तर ती अपुरी राहते. तिची आधीची दोन मुक्कामाची ठिकाणे पुण्याच्या गणेशखिंडीत आणि कोल्हापूरच्या सागरमाळावर आहेत. त्या दोन्ही परिसरांच्या मांडणीत त्या त्या काळाने विद्यापीठाकडे कसे पाहिले, हे स्पष्ट दिसते.

त्याही आधी सारा मुलूख 1857 साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाकडे होता. तिथल्या दीक्षान्त सभागृहाचा आणि राजाबाई टॉवरचा आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी इंग्लंडमध्ये बसून केला. ते स्वतः मुंबईत कधी आले नाहीत. सोलापुरात 1940 साली दयानंद महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा इथल्या मुलांचे विद्यापीठ तेच होते. त्यांतल्या किती जणांना ते सभागृह डोळ्यांनी पाहायला मिळाले असेल, याची कल्पना करता येते.

1949 साली पुणे विद्यापीठ अस्तित्वात आले. बॅ. मु. रा. जयकर पहिले कुलगुरू झाले. आरंभीचे कामकाज भांडारकर रस्त्यावरच्या निजाम गेस्ट हाऊस या लहानशा वास्तूत चाले; 1 जून 1949 पर्यंत विद्यापीठ तिथेच होते. मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांनी लक्ष घातले आणि गणेशखिंडीतले गव्हर्नरचे निवासस्थान, भोवतालच्या 400 एकरांहून अधिक जमिनीसह, विद्यापीठाला मिळाले.

ही वास्तू नीट पाहण्यासारखी आहे. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या काळात 1864 मध्ये तिचे काम सुरू झाले आणि 1871 मध्ये पुरे झाले. वास्तुकार जेम्स ट्रबशॉ. दगडी बांधकाम, इटालियन धाटणीच्या कमानी, दोन बाजूंना दुमजली पाखे आणि मधोमध निशाणाचा उंच मनोरा. मनोऱ्यावर निशाण असले, की लाटसाहेब मुक्कामी आहेत हे लांबूनच कळे. मुदपाकखान्यातून मुख्य इमारतीत यायला जमिनीखालून भुयारी वाट होती, कारण ताटे घेऊन येणारे नोकर पाहुण्यांच्या नजरेस पडायचे नव्हते. कोणी दिसावे आणि कोणी दिसू नये, हे या घराच्या आराखड्यातच ठरवून टाकलेले होते. 22 जून 1897 च्या रात्री राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ याच वास्तूत झाला, आणि तिथून परतणाऱ्या प्लेग अधिकारी रँडवर गणेशखिंडीच्या रस्त्यात चापेकर बंधूंनी गोळी झाडली. त्या घटनेनंतर जेमतेम बावन्न वर्षांनी त्या घराचे दरवाजे विद्यार्थ्यांसाठी उघडले. वास्तूतल्या भव्य दालनाला संत ज्ञानेश्वर सभागृह असे नाव लाभले. शेतकऱ्याचा आणि विणकऱ्याचा मुलगा त्या कमानींखालून ताठ मानेने आत जाऊ लागला. स्वातंत्र्य म्हणजे काय, हे इतक्या सरळपणे सांगणारी दुसरी वास्तू महाराष्ट्रात क्वचितच असेल.

पण तो वाडा दुसऱ्याने स्वतःसाठी बांधलेला होता. विद्यापीठाने त्याच्याभोवती हळूहळू आपली वस्ती वाढवली: ग्रंथालय, विभाग, वसतिगृहे. पुढे 1988 मध्ये स्थापन झालेल्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संशोधन केंद्रासाठी चार्ल्स कोरिआ यांनी त्याच परिसरात नवी वास्तू उभी केली आणि तिच्या अंगणात आपल्याकडच्या कुंडाच्या पायऱ्या आणल्या. तोवर मात्र सोलापूर जिल्हा पुण्याच्या कक्षेतून कधीच बाहेर पडलेला होता.

18 नोव्हेंबर 1962 रोजी कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाची स्थापना झाली. उद्‌घाटन राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते झाले. सोलापूर जिल्ह्यातील महाविद्यालये या विद्यापीठाकडे आली. सुरुवातीला 34 महाविद्यालये आणि सुमारे 14 हजार विद्यार्थी होते. इथे आयता वाडा नव्हता. शहराबाहेरचा सागरमाळ आणि 853 एकर जागा, एवढे भांडवल होते. नावात सागर असला, तरी माळावर पाण्याची वानवा होती. जमीन खडकाळ, सावली नाही, वारा मोकाट. पहिले कुलगुरू, इतिहाससंशोधक डॉ. आप्पासाहेब पवार यांनी या माळावर विद्यापीठ उभे करण्याचे काम अंगावर घेतले आणि 1975 पर्यंत निभावले.

रस्ते, पाणी, झाडे आणि इमारती या चारही गोष्टी इथे एकाच वेळी कराव्या लागल्या. समोर उद्यान, त्यामागे मुख्य इमारत, पुढे ग्रंथालय, आणि विभागांच्या इमारती मोकळ्या अंतराने मांडलेल्या. सागरमाळाची ही मांडणी ऐसपैस आहे. 1974 मध्ये मुख्य इमारतीसमोर शिल्पकार बी. आर. खेडकर यांनी घडवलेला छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला, आणि परिसराला त्याचा मध्यबिंदू मिळाला. तळी, विहिरी आणि पावसाचे पाणी अडवण्याची कामे होत गेली. ज्या माळावर पाणी नव्हते, तिथे आज मोर दिसतात. या बदलामागे दगड फोडणारे वडार, रोपांना पाणी घालणारे माळी, खड्डे खणणारे विद्यार्थी असे असंख्य हात आहेत. कोनशिलेवर त्यांची नावे नसतात. परिसराचे खरे बांधकाम मात्र त्यांचेच.

अडचण अंतराची होती. वैरागच्या मुलाला कोल्हापूर गाठायचे, तर आधी बार्शी, तिथून अडीच फुटी रुळांवरच्या ‘बार्शी लाईट’ने कुर्डुवाडी, गाडी बदलून पंढरपूरवरून मिरज, आणि मिरजेहून पुन्हा दुसरी गाडी. रस्ते सुधारले, एस.टी. गावोगाव पोचली, तरी एका दाखल्यासाठी दोन दिवस मोडत. शेतीच्या हंगामात हे दोन दिवस घराला जड जात. मुलींच्या बाबतीत तर परगावचा मुक्काम हाच शिक्षण थांबण्याचा मुद्दा होई. शिवाजी विद्यापीठाने सोलापुरात पदव्युत्तर केंद्र चालवले, त्यामागे हीच निकड होती. पुढे स्वतंत्र विद्यापीठाची मागणी रुजली, ती या केंद्राच्या आधाराने.

1 ऑगस्ट 2004 रोजी सोलापूर विद्यापीठ सुरू झाले. एकाच जिल्ह्यासाठी विद्यापीठ, ही कल्पना तेव्हा महाराष्ट्राला नवी होती आणि ती कितपत टिकेल, अशी शंकाही घेतली गेली. पहिले कुलगुरू डॉ. इरेश स्वामी यांच्या वाट्याला केंद्रापुरत्या इमारती आणि विद्यापीठाएवढी जबाबदारी आली. जागा सोलापूर-पुणे महामार्गालगत, केगावला. उन्हाळ्यात फुफाटा, पावसाची हमी नाही, आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल.

केगावच्या मांडणीत ‘संकुल’ हा शब्द महत्त्वाचा आहे. सुट्या विभागांऐवजी जवळचे विषय एका छताखाली आणले गेले: रसायनशास्त्र संकुल, भौतिकशास्त्र संकुल, संगणकशास्त्र संकुल, सामाजिकशास्त्रे संकुल, भाषा व वाङ्मय संकुल. साधनसामग्री मोजकी असताना प्रयोगशाळा, ग्रंथ आणि अध्यापक एकमेकांच्या उपयोगी पडावेत, हा त्यामागचा विचार. गणेशखिंडीचा मनोरा इथे नाही, सागरमाळाचा पसारा नाही. महामार्गावर बसमधून उतरावे आणि थेट फाटकातून आत जावे, हा केगावचा मोठेपणा आहे.

मार्च 2019 मध्ये विद्यापीठाला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव मिळाले. ज्यांनी महेश्वरी घाट बांधले, काशीला विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभे केले आणि वाटसरूंसाठी देशभर विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या, त्यांचे नाव एका वाढत्या परिसराला शोभून दिसते. उन्हाळी परीक्षेच्या दिवसांत फाटकापाशी कडुनिंबाच्या सावलीत मुले-मुली हातात प्रवेशपत्र धरून शेवटची उजळणी करत बसतात. त्यांतली वैरागची मुलगी पेपर संपवून दुपारची एस.टी. धरते आणि दिवेलागणीच्या आत घरी पोचते.