पातेल्यात उकळणारा स्नायुरज्जू

पॅरिस, 1801 चा हिवाळा. नोत्र-दामच्या शेजारीच असलेल्या ओतेल-द्यू रुग्णालयाच्या विच्छेदनगृहात तुम्ही पाऊल टाकता आणि हात आपोआप नाकाशी जातो. गारठ्यात प्रेतं जास्त दिवस टिकतात, म्हणून या कामाचा हंगामच हिवाळा. मेजावर वाकलेला तो तरुण म्हणजे झाव्हिए बिशा. वय तीस. या एका हिवाळ्यात त्यानं सहाशे प्रेतं तपासली, असं पुढे सांगितलं जाईल.

सूक्ष्मदर्शक कुठे दिसतोय का ते पाहू नका. या काळातल्या भिंगांतून वस्तूच्या कडेला रंग फुटतात, आणि बिशाचा त्यांवर विश्वास नाही. तो शरीराचे तुकडे भिजवतो, वाळवतो, कुजवतो, आम्लात टाकतो, उकळतो.

तो तुमच्या हातात स्नायुरज्जूचा तुकडा ठेवतो. पांढरा, चिवट, ओढला तरी ताणला जात नाही. उकळत्या पाण्यात पडताच तो आक्रसतो, कडक होतो. थांबा, घाई नको. बऱ्याच वेळानं तो मऊ पडतो, पारदर्शक होतो, विरघळू लागतो; पायाचा रस्सा गार झाल्यावर थिजतो तसं ते पाणी थिजतं. शेजारच्या पातेल्यातलं मांस मात्र उकळूनही धाग्याधाग्यांचंच राहिलंय. शरीरात एकमेकांना घट्ट जोडलेल्या या दोन गोष्टी, पण त्यांची जात निराळी.

आता आतडं. तो नखानं वरचा पापुद्रा सोडवतो. पातळ, गुळगुळीत, ओलसर. मग फुप्फुसावरचा, मग हृदयाभोवतीचा. डोळे मिटून बोट फिरवलंत तर कोणता कुठला ते सांगता येणार नाही. अवयव तीन, ऊती एकच! आतड्यात मात्र या पापुद्र्याखाली स्नायूंचा थर आणि त्याच्याही आत बुळबुळीत अस्तर. म्हणूनच पापुद्रा सुजून पू झाला तरी अस्तर निरोगी असू शकतं. ‘पोटाचा दाह’ एवढ्यानं बिशाचं समाधान होत नाही. कोणत्या थराचा, हे त्याला हवं असतं. मला त्याची थोरवी यातच वाटते. रोगाचा पत्ता अवयवापाशी न थांबता ऊतीपर्यंत गेला.

याच वर्षी छापलेल्या ग्रंथात तो 21 ऊती मोजतो. शाळेच्या पुस्तकात त्यांच्या चारच उरल्या आहेत: अभिस्तर, संयोजी, स्नायू आणि चेता. हाड, कूर्चा, स्नायुरज्जू ही त्याची वेगवेगळी खाती आज संयोजीत जमा आहेत. पण इच्छेनं हलणारे आणि आपसूक चालणारे स्नायू त्यानं वेगळे केले, तो भेद कायम आहे.

22 जुलै 1802 ला बिशा जातो, एकतिसावा वाढदिवस न पाहता. त्याच वर्षी पॅरिसमध्ये शिकणारा एक तरुण उदरावरणाच्या, म्हणजे आतड्यावरच्या त्याच पापुद्र्याच्या, दाहावर लेख छापतो आणि त्याला आतड्याच्या दाहापासून वेगळा काढतो. त्याचं नाव रने लेनेक. 1816 मध्ये स्टेथोस्कोप शोधणारा तोच.