विजयस्तंभाच्या टोकावर बसलेला शेतकरी

विजयाचे कोणतेही चित्र समोर आले की आम्ही आधी एकच विचारतो : हे काढायला पैसे कोणी दिले?

सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला पवित्र रोमन सम्राट पहिला मॅक्सिमिलियन याला प्राचीन रोमन सम्राटांसारखी विजयकमान हवी होती. तो कर्जात बुडालेला होता. म्हणून त्याने कमान कागदावर उभारली. आल्ब्रेख्त ड्यूरर आणि इतर कलावंतांनी 195 लाकडी ठशांतून सुमारे साडेतीन मीटर उंचीचे चित्र तयार केले. त्यावर 1515 हे साल आहे. त्यात सम्राटाच्या लढाया आहेत, लांबलचक वंशावळही आहे. दगडाची कमान एकाच गावात उभी राहते, छापील कमान गावोगाव पाठवता येते. याच सम्राटाच्या छापील विजययात्रेत कालिकतचे लोकही चालताना दाखवले आहेत. कालिकतवर त्याची तसूभरही सत्ता नव्हती! सत्ता नसलेली भूमीसुद्धा चित्रात जिंकता येते, हे आपण नीट लक्षात घेतले पाहिजे.

आता दुसरे चित्र पाहा. 1525 साली जर्मनीतले शेतकरी भूदासगिरी रद्द करा म्हणून उठले. सरदारांच्या फौजांनी हजारोंची कत्तल केली. त्याच वर्षी ड्यूररने भूमितीवर एक पुस्तक छापले. बंडखोर शेतकऱ्यांवर विजय मिळवणाऱ्याने स्मारक कसे उभारावे, याचा नमुना त्यात आहे. पायथ्याशी बांधलेली गुरे, मेंढ्या, डुकरे. वर धान्याची पेटी, लोणी काढायचे भांडे, दुधाचा घडा, शेतीची अवजारे. सर्वांत वर कोंबड्यांच्या खुराड्यावर डोके हाताला टेकून बसलेला शेतकरी. त्याच्या पाठीत तलवार खुपसलेली आहे.

ही शेतकऱ्यांची थट्टा की विजेत्यांवर कोरडा, यावर अभ्यासकांत वाद आहे. ड्यूररला मॅक्सिमिलियनने वार्षिक तनखा लावून दिला होता, म्हणून त्याला क्रांतिकारक म्हणायची घाई आम्ही करणार नाही. पण त्याचा हेतू काहीही असो, चित्र काय सांगते? रणांगणावर जिंकलेल्या तोफा, झेंडे इथे नाहीत. विजेत्याची लूट म्हणजे राबणाऱ्याचे दूध, लोणी आणि खुराडे. आणि वार समोरून नाही, पाठीत आहे.

म्हणून मित्रांनो, स्मारकाच्या उंचीने दिपून जाऊ नका. त्याच्या पायथ्याशी कोणाची गुरे बांधली आहेत, ते पाहा.