सोमवारचा खोकला

आमच्या घरात आजोबांच्या दोनच वस्तू उरल्या आहेत. एक पितळेची तंबाखूची डबी आणि दुसरं राज्य कामगार विम्याचं कार्ड. कार्ड पिवळं पडलंय, घड्यांवर फाटलंय, पण आजीने ते शेवटपर्यंत देवघराच्या खणात ठेवलं होतं. रेशनकार्डाच्या खालोखाल मान त्याचाच.

आजोबा लालबागला एका गिरणीत कार्डिंग खात्यात होते. कापसाच्या गाठी फोडून, झाडून, पिंजून त्याचा पेळू होतो, तो भाग. साचाखात्यातल्या लोकांपेक्षा या खात्यातली माणसं लांबूनच ओळखू यायची, असं आजी सांगायची. भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या, केसांवर बर्फ पडल्यासारखा कापूस. आजोबांना खोकला होता. पण आजीची एक गोष्ट मला लहानपणी नुसतीच गंमतीची वाटायची. ती म्हणायची, "ह्यांचा खोकला सोमवारचा. सोमवारी पाळीवरून आले की छातीवर कुणी बसल्यासारखं करायचे. मंगळवारी जरा बरं. शनिवारपर्यंत माणूस नीट. रविवारी घरी, की परत सोमवारी तेच." चाळीतले लोक म्हणायचे, रविवारी घेतात म्हणून सोमवारी त्रास होतो. आजोबांनी आयुष्यात थेंब घेतला नव्हता.

ते १९९१ साली गावी वारले. कागदांवर सगळीकडे एकच शब्द आहे: दमा.

काही वर्षांपूर्वी मी सहज काहीतरी वाचत असताना 'बिसिनोसिस' या आजाराचं वर्णन समोर आलं. कापूस, ताग, अंबाडी यांच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार. सुरुवातीची खूण: आठवड्याच्या सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळणं. पुढे ते रोजचं होतं आणि मग परत न फिरणारं. १९५०च्या दशकात रिचर्ड शिलिंग या डॉक्टरांनी लँकेशायरच्या गिरण्यांत याच सोमवारच्या त्रासावरून आजाराच्या पायऱ्या ठरवल्या होत्या. इंग्लंडने तर त्याआधीच, १९४१ साली, या आजारासाठी भरपाईची योजना आणली होती. माझी अडाणी आजी जे लक्षण बिनचूक सांगत होती, ते पुस्तकात छापलेलं होतं. फक्त तिला ते कुणी विचारलं नव्हतं.

तेव्हापासून मी या विषयामागे लागलो. कामावर माणूस मोडला तर जबाबदारी कुणाची, आणि तो मोडूच नये म्हणून कुणी काय केलं?

गोष्ट इटलीतून सुरू होते. बर्नार्दिनो रामाझिनी या वैद्याने १७०० साली कामगारांच्या आजारांवर एक ग्रंथ लिहिला. संडास उपसणारे, कुंभार, आरसे बनवणारे, छपाईवाले, अशा अनेक धंद्यांतल्या लोकांना कोणते आजार होतात याची त्यात नोंद आहे. त्याने वैद्यांना एक सल्ला दिला. रोग्याला नेहमीचे प्रश्न विचाराच, पण त्यात आणखी एकाची भर घाला: तुम्ही काम काय करता?

एवढाच प्रश्न. पण आजार कामामुळे झाला हे कळलं तरी त्याचे पैसे कोण देणार, हा पेच पुढे पावणेदोनशे वर्षं तसाच राहिला. कारखाने आले, पट्टे आणि दाते असलेली यंत्रं आली, हात तुटू लागले. जर्मनीत १८७१ साली कायदा झाला, पण त्यात बहुतेक उद्योगांतल्या कामगाराला चूक मालकाची किंवा त्याच्या माणसाची होती हे सिद्ध करावं लागे. तुटलेल्या हाताने वकील शोधायचा, आणि साक्षीला कोण? तिथेच पगारावर असलेले सोबती.

मग बिस्मार्कने ६ जुलै १८८४ रोजी अपघात विम्याचा कायदा करून घेतला. त्याला कामगारांचा पुळका आला होता असं कुणी समजू नये. १८७८मध्ये समाजवाद्यांवर बंदी घालणारा हाच माणूस. कामगार त्यांच्या मागे जाऊ नयेत हा त्याचा हिशेब होता. पण त्यातून जे यंत्र तयार झालं ते हुशारीचं होतं, म्हणून जरा सावकाश सांगतो.

एक: चूक कुणाची हा प्रश्नच काढून टाकला. अपघात कामावर झाला ना? मग भरपाई मिळेल. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर पगाराच्या दोन तृतीयांश पेन्शन. बदल्यात कामगाराने मालकावर दावा लावण्याचा हक्क जवळपास सोडला. दोन: अपघात विम्याचा सगळा पैसा मालकांनी भरायचा. तीन: एकेका धंद्यातल्या मालकांचा एकेक संघ केला आणि हा विमा त्या संघाने चालवायचा ठरलं. ज्या कामात धोका जास्त, त्याचा हप्ता जास्त.

आता यातली मेख बघा. समजा मी सूतगिरणीचा मालक आहे आणि शेजारच्या गिरणीत यंत्रांना कठडे नाहीत. तिथे हात तुटले की पैसे संघाच्या तिजोरीतून जातात, म्हणजे थोडे माझ्याही खिशातून. मग शेजाऱ्याच्या कठड्यांची काळजी मला लागते. या संघांना सुरक्षेचे नियम करण्याचा, आपले निरीक्षक नेमण्याचा अधिकार कायद्यानेच होता. पैसे देणारा आणि अपघात रोखणारा एकच झाला. माणुसकी नसली तरी चालेल, हिशेब कळला पाहिजे. १९२५ साली याच विम्यात ११ व्यावसायिक आजारही आले.

आता त्याच वर्षी मुंबईत या. बर्लिनच्या कायद्याला तीन महिनेही झाले नव्हते. सप्टेंबर १८८४. परळला गिरणी कामगारांची सभा भरली आहे. बोलावणारे नारायण मेघाजी लोखंडे, सत्यशोधक, जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक. १८८१चा फॅक्टरी कायदा होऊन तीन वर्षं झालेली. त्या कायद्याने ७ वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी केली, धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालायला सांगितलं, पण मोठ्या माणसांच्या पदरात फारसं काही टाकलं नाही. सभेत मागण्यांचा अर्ज ठरला आणि त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांनी सह्या-अंगठे केले. रविवारची सुट्टी हवी. दुपारी अर्धा तास विसावा हवा. पगार वेळेवर हवा. इथपर्यंत आपण शाळेत वाचलेलं असतं.

त्याच अर्जात आणखी एक मागणी होती. कामावर जबर दुखापत झाली तर कामगार बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि तो जन्माचा पांगळा झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी.

ही ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा मी थांबलो. बर्लिनमध्ये चॅन्सेलरने वरून जे दिलं, ते परळमध्ये कामगार खालून मागत होते, आणि तेही त्याच वर्षी. दोन तृतीयांश नाही, पूर्ण पगार.

रविवारची सुट्टी १८९०मध्ये मिळाली. दुखापतीच्या मागणीला मात्र ३९ वर्षं लागली. तोपर्यंत कामावर मेलेल्याच्या घरच्यांसाठी १८५५चा एक कायदा होता, पण त्यात दिवाणी कोर्टात जाऊन चूक सिद्ध करायची. १९२३मध्ये कामगार नुकसानभरपाई कायदा झाला आणि १ जुलै १९२४पासून लागू झाला. चूक कुणाची हा प्रश्न त्यात बराचसा मागे पडला. शिसं, फॉस्फरस अशा मोजक्या गोष्टींचे आजारही धरले गेले. पण विमा नव्हता. पैसे त्या एका मालकाने द्यायचे. तो बुडाला, पळाला किंवा 'हा माझा माणूसच नाही' म्हणाला की कामगार आयुक्तांच्या दारात फेऱ्या मारत बसायचा.

विम्याचा विचार गंभीरपणे झाला तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. १९४२ ते १९४६ बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४मध्ये कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल दिला. तो तपासताना आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या स्टॅक आणि राव या तज्ज्ञांनी सुचवलं की आजारपण, बाळंतपण आणि कामावरची दुखापत हे सगळं एकाच योजनेत घ्या. त्यातून १९४८चा राज्य कामगार विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. आजीच्या देवघरातलं कार्ड ते हेच. दवाखाना, औषधं, आजारपणात रोख पैसे, अपंगत्व आलं तर पेन्शन. लोखंड्यांच्या अर्जातली ती ओळ ६८ वर्षांनी खात्यावर जमा झाली.

मग आजोबांचं काय चुकलं? कार्ड होतं, दवाखाना होता, पुढे तर बिसिनोसिस या कायद्याच्या परिशिष्टात व्यावसायिक आजार म्हणून नावानिशी आला.

मला दोन गोष्टी दिसतात. पहिली रामाझिनीची. आजोबा वर्षानुवर्षं बाटलीत लाल औषध भरून आणत राहिले. रांग लांब, डॉक्टरांना वेळ नाही. खोकला कधी होतो, तुम्ही कुठल्या खात्यात काम करता, हे विचारलं गेलं नाही. दम्यावर औषध मिळतं, कामाने झालेल्या आजारावर पेन्शन मिळते. एका न विचारलेल्या प्रश्नाने एवढा फरक पडला. १९९०च्या दशकात मुंबईत काही डॉक्टर आणि कामगार कार्यकर्ते गिरणी कामगारांच्या छात्या तपासून असे दावे लढवू लागले, पण तोवर १९८२चा संप होऊन गेला होता आणि आजोबाही राहिले नव्हते.

दुसरी गोष्ट बिस्मार्कच्या यंत्राची. आपल्याकडे विमा एका हातात आहे आणि सुरक्षा दुसऱ्या. यंत्रांना कठडे आहेत का, धूळ ओढून घेणारे पंखे आहेत का, हे १९४८च्या कारखाना कायद्याखाली राज्य सरकारचे निरीक्षक बघत आले. विम्याचा हप्ता मात्र सगळ्या उद्योगांना सारखा. आज मालकाचा ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्के. ज्या गिरणीने हवा स्वच्छ ठेवली तिचा हप्ता तेवढाच आणि जिने माणसांच्या छातीत कापूस भरला तिचाही तेवढाच. कठडा न बसवण्याची किंमत मालकाच्या हिशेबवहीत उमटतच नाही. भोपाळनंतर, १९८७मध्ये, कारखाना कायद्यात मोठी दुरुस्ती झाली, सुरक्षा समित्या आल्या, धोकादायक उद्योगांना आरोग्यतपासणी सक्तीची झाली. पण हा दुवा तुटकाच राहिला.

हे सगळं जुनं वाटत असेल तर माझ्या मावसभावाचं ऐका. तो बाईकवरून जेवण पोचवतो. गेल्या पावसाळ्यात ऑर्डर देऊन परतताना गाडी घसरली, मनगट मोडलं, दोन महिने घरी. कंपनीकडून उत्तर आलं की अपघाताच्या वेळी ॲपवर ऑर्डर चालू नव्हती. म्हणजे तो कामावर नव्हता. रेनकोट अंगावर होता, पाठीवर पिशवी होती, पुढच्या ऑर्डरची वाट बघत होता, पण कामावर नव्हता. १९२३च्या कायद्यापासून चालत आलेलाच वाद: हा माझा माणूस आहे का, आणि हे काम आहे का?

२१ नोव्हेंबर २०२५पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. तिच्यात गिग कामगार हा शब्द पहिल्यांदा कायद्यात आला. अशा कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम निधीत भरायची आहे, आणि त्यातून अपघात विम्यासारख्या योजना करता येतील. चांगलंच आहे. पण पुन्हा हप्ता उलाढालीवर आहे, मोडलेल्या मनगटांवर नाही. दहा मिनिटांत पोचव म्हणणाऱ्या कंपनीला आणि सावकाश जा म्हणणाऱ्या कंपनीला एकच दर. घाई कुणाला महाग पडते, तर बाईकवरच्या पोराला.

मनगट मोडलं तेव्हा मी भावासोबत दवाखान्यात गेलो होतो. केसपेपरवर नाव, वय, पत्ता, मोबाइल नंबर. लिहिणाऱ्या बाईंनी विचारलं, "कसं लागलं?" तो म्हणाला, "गाडीवरून पडलो." त्यांनी तेवढंच लिहिलं.

मी म्हटलं, "मॅडम, तो कामावर होता, डिलिव्हरीच्या. तेही लिहा."

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि लिहिलं.