स्की-रज्जुमार्ग व बालसुरक्षा

स्की-रज्जुमार्ग व बालसुरक्षा : बर्फाच्छादित डोंगरउतारावर स्कीइंग करणाऱ्यांना फिरत्या पोलादी दोरखंडास टांगलेल्या उघड्या खुर्च्यांतून वर नेणारी योजना म्हणजे खुर्ची-रज्जुमार्ग होय. प्रवासी पायांत स्की घालूनच चालत्या खुर्चीवर बसतो व उतरतो. खुर्ची प्रौढांच्या देहमानानुसार आखली गेल्यामुळे लहान मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न या वाहनाबरोबरच उद्‌भवला.

पहिला खुर्ची-रज्जुमार्ग १९३६ मध्ये अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील आयडाहो राज्यात सन व्हॅली येथे युनियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीने उभारला. कंपनीचा अभियंता जेम्स करन याने जहाजांत केळ्यांचे घड चढविणाऱ्या यंत्रणेवरून ही कल्पना घेतली व आकड्यांच्या जागी खुर्च्या लावल्या. मागून येणारी खुर्ची उभ्या माणसाला अलगद उचलून घेते, हे तिचे तत्त्व. तिची बैठक प्रौढाच्या गुडघ्याशी जुळते. मुलाला मात्र उडी मारून किंवा दुसऱ्याच्या आधाराने बसावे लागते. बैठक खोल असल्याने त्याची पाठ टेकत नाही, स्कींच्या भाराने शरीर पुढे ओढले जाते आणि सुरक्षा-दांडी लावलेली असली, तरी तिच्याखालून ते घसरू शकते. त्यामुळे खुर्चीत बसण्याचे व जमिनीपासून वर उचलले जाण्याचे पहिले काही क्षण विशेष धोक्याचे ठरतात.

सुरुवातीचे उपाय मुख्यतः नियमांचे होते. कोलोरॅडो राज्याने १९६५ मध्ये रज्जुमार्गांच्या सुरक्षिततेसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन केले. सुरक्षा-दांडीबाबत मात्र एकवाक्यता झाली नाही. आल्प्सच्या परिसरातील देशांत तिचा वापर रूढ झाला. अमेरिकेत न्यूयॉर्क, व्हर्माँट यांसारख्या मोजक्या राज्यांनीच तो बंधनकारक केला. आल्प्समध्ये साधारणतः १·२५ मी. पेक्षा कमी उंचीच्या मुलासोबत प्रौढ व्यक्ती असावी, असा दंडक आहे.

कोलोरॅडोतील ब्रेकनरिज येथे १९८१ मध्ये चार आसनी, वेगवान व दोरखंडापासून सुटणाऱ्या खुर्च्यांचा मार्ग सुरू झाला. अशा मार्गावर दोरखंडाचा वेग सेकंदाला सु. ५ मी. असला, तरी स्थानकात खुर्ची दोरखंडापासून सुटून अगदी मंद चालते. ही सुधारणा मुख्यतः वेगासाठी होती. पण तिचा लाभ मुलांनाही झाला. पुढे मुलांच्या उंचीनुसार वर उचलला जाणारा सरकता पट्टा, प्रत्येक आसनापुढे पायांमध्ये येणारा अडसर आणि वाटेत उघडू न शकणारी स्वयंचलित दांडी हे उपाय आले. फ्रान्समध्ये मुलाच्या अंगरख्यातील धातूची पट्टी पाठीमागील चुंबकाने धरून ठेवणारी व उतरण्याच्या ठिकाणी आपोआप सोडणारी योजनाही प्रचारात आली.

मुलाने खुर्चीशी जुळवून घ्यावे, येथपासून खुर्चीने मुलाशी जुळवून घ्यावे, येथवर हा विकास झाला आहे. तथापि यंत्राने दक्षतेची गरज संपत नाही. पाठीवरची पिशवी काढून ठेवणे, कपड्यांचे लोंबते बंद आवरणे व मूल नीट न बसल्याचे दिसताच मार्ग तत्काळ थांबविणे ही कामे पालक आणि प्रचालक यांच्यावरच अवलंबून असतात.