ब्लॅकपूल : गिरणी कामगारांचा समुद्र

इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरील ब्लॅकपूल हे शहर वाढले ते गिरणी कामगारांच्या पैशावर. १८४६ साली तेथे आगगाडी आली. लँकेशायरच्या गिरण्या वर्षातून एकदा आठवडाभर बंद राहात. मग एकेक गाव आळीपाळीने त्या समुद्राकाठी लोटे. १८९४ साली तेथे सुमारे ५१८ फूट उंचीचा मनोरा उभा राहिला. त्याच्या पायांमध्ये सर्कस! परंतु बहुतेकांना त्या आठवड्याची मजुरी मिळत नसे. वर्षभर पेनी-पेनी साठवावी, तेव्हा कोठे समुद्र दिसावा. पगारी रजेचा कायदा झाला तो १९३८ साली. गिरणी बंद ठेवणे म्हणजे कामगाराला सुट्टी देणे नव्हे. घरची चूल पेटती ठेवते, तीच खरी सुट्टी.